आजोबाच्या पेटीतला उर्दू कागद अन् आजचं गावचं राजकारण, काही संबंध लागतो का?

मांजराकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. लातूर जिल्ह्यातलं गाव आहे आमचं, मांजरेच्या काठाला. नाव सांगत नाही, कारण गावातली चार-दोन जण इथं वाचायलेत हे मला माहिताय.

तर झालं असं की सगळ्यांसारखं आम्हीबी कुणबी नोंद शोधायला लागलो. 2023 ला अंतरवाली सराटीचं उपोषण झालं, शिंदे समिती नेमली, मग 2025 च्या सप्टेंबरात हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला, तवापासून आमच्याकडं घरोघरी पेट्या उघडायलेत. आजोबाची एक पत्र्याची पेटी होती, किल्ली कुणालाच सापडंना, शेवटी कोयंडाच उचकटला. आत सोसायटीची जुनी पासबुकं, एक फुटका चष्मा, आणि दोन कागद. एक उर्दूत, वर शिक्का, कोपरा वाळवीनं खाल्लेला. दुसरा मराठीत, 1950 नंतरचा, खाली निळा अंगठा आणि अंगठ्याच्या बाजूला आजोबाचं नाव दुसऱ्याच कुणाच्या तरी सुबक अक्षरात. त्या अर्ध्या पानात 'राजीखुशीने' हा शब्द दोनदा.

राजीखुशीने काय केलं, तर जमीन सोडली. कुणाला सोडली, तर गढीवाल्यांना.

गढी गावाच्या मधोमध आहे, आता एकच बुरूज उरलाय, त्याच्यावर पिंपळ उगवलाय अन् खाली ग्रामपंचायतीचं ऑफिस. त्या घरातले थोरले माली पाटील (महसूल गोळा करणारे पाटील) होते, त्यांचा मुलगा सोसायटीचा चेअरमन, नातू कारखान्याचा डायरेक्टर, आणि पणतू जिल्हा परिषदेची तयारी करायलाय, त्याचं बॅनर त्याच बुरुजाला बांधलंय. पक्ष चारदा बदलले, घर तेच.

वडलांना कागद दाखवला तर म्हणले "कशाला जुनी मढी उकरतूस, ऊस त्यांच्याच कारखान्याला घालायचाय का नाही?" आता हे बरोबरच आहे, तोडणीची तारीख त्यांच्याच हातात असती.

माझा प्रश्न एवढाच, हे जुनं समजून घेतल्यानं आजचं राजकारण खरंच कळतं का, का आपण नुसतं उगं डोकं खराब करून घेतो? आणि दुसरं, उर्दू कागदावर तारखेच्या जागी 'तीर 1341' असं काहीतरी आहे असं इथल्या मौलवी साहेबांनी वाचलं, बाकीचं शिकस्ता, म्हणजे घाईत ओढून लिहिलेलं अक्षर आहे, लागंना म्हणले. 1341 म्हणजे तुघलकाच्या काळातला कागद आहे का काय?

---

निवृत्त_अव्वल_कारकून

तुघलकाच्या काळातला नाही हो, घाबरू नका 😄

तो फसली सन आहे. निजामाच्या राज्यात महसुलाचं सगळं काम फसलीत चालायचं. फसली सनात 590 मिळवले की ज्या इसवी साली ते वर्ष सुरू झालं ते साल मिळतं, आणि हैदराबादचा फसली ऑक्टोबरात सुरू व्हायचा. तीर म्हणजे आठवा महिना, आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवरदी, उर्दीबहिश्त, खुर्दाद आणि मग तीर. म्हणजे तुमचा कागद 1932 च्या मे-जूनमधला. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या रेकॉर्ड रूमला एक म्हातारे कर्मचारी होते, ते हे बारा महिने पाढ्यासारखे म्हणायचे आणि आम्ही पोरं हसायचो. ते रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात एका वकिलाला कागद पाहिजे होता तर ऑफिसात तो वाचणारं कुणी नाही. तेव्हा हसू बंद झालं.

आता तुमचा मराठी कागद. तो जास्त महत्त्वाचा आहे असं माझं मत. पोलीस अ‍ॅक्शन झाली सप्टेंबर 1948 ला, 13 ला फौजा घुसल्या आणि 17 ला निजाम शरण. 1949 ला जहागिऱ्या गेल्या. 1950 ला हैदराबादचा कूळ कायदा आला, त्यात 'संरक्षित कूळ' म्हणून नोंद झालेल्याला जमिनीवर हक्क मिळणार होता, पुढं त्यातलंच कलम 38-ई चं मालकीचं प्रमाणपत्र, ज्याच्या केसेस आजही चालू आहेत. मग जमीनदारानं काय करावं? कूळ राहिलंच नाही तर कायदा लागणार कुणाला? म्हणून गावोगाव 'राजीनामे' घेतले गेले. कुळानं स्वतःहून, राजीखुशीने जमीन सोडली. कुणी कर्जापायी दिला, कुणी गावात राहायचंय म्हणून दिला, कुणाला आपण अंगठा कशावर उठवतोय हेच माहीत नव्हतं.

पण कायदा तेवढा पण भोळा नव्हता. राजीनामा लेखी पाहिजे आणि कुळानं तो तहसीलदारासमोर कबूल केला पाहिजे असं त्यात होतं. तुमच्या कागदावर तहसीलदाराची सही-शिक्का आहे का ते बघा. नसेल तर तो नुसता कागद आहे. अर्थात एवढ्या वर्षांनी जमीन परत मिळेल असलं काही मी म्हणत नाही, उगाच वकिलाच्या दारात जाऊ नका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर, मी नोकरीत एवढंच पाहिलं की निजाम गेला, जहागीरदार गेला, अव्वल तालुकदाराचा कलेक्टर झाला, पण गावात कागद लिहिणारं घर बदललं नाही. ज्याच्या घरात दप्तर त्याला आधी कळायचं कुठला कायदा येणार आहे. सहा महिने आधी कळालं तरी पुष्कळ होतं बघा.

---

बालाघाटी_गडी

काका तुमचा मान ठेवून सांगतो, हे सगळं ऐकायला लई भारी वाटतंय पण खरं नाही. सगळं गढीवर ढकललं की झालं, मपलं काहीच चुकत नाही असं होतं राव.

मी बीडचा. गोपीनाथराव मुंडे साहेब कुठल्या गढीतले होते सांगा? नाथ्र्याच्या शेतकऱ्याचं लेकरू, दिल्लीत केंद्रीय मंत्री झालं. आमच्या गावात 73 वी घटनादुरुस्ती झाल्यापासून आरक्षणानं सरपंच बदलत आलाय, मागल्या टायमाला ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली बाई सरपंच होती. गढीवाल्यांची पोरं पुण्यात फ्लॅटचं भाडं भरायलीत, त्यांना इथं कुत्रं विचारत नाही.

अन् इतिहास इतिहास करणारे काय करतात हे पण बघा की. इलेक्शन आलं की सगळ्यांना मुक्तिसंग्राम आठवतो, रझाकार आठवतो, कुणाला औरंगजेब आठवतो. धरणात पाणी किती आहे हे कुणालाच आठवत नाही. जायकवाडीला वरून पाणी सोडायचं म्हणलं की नाशिक-नगरवाले कोर्टात जातात, तिथं तुमचा फसली सन काय कामाचा?

---

गोदाकाठची

बालाघाटी भाऊ, अर्धं पटलं. इलेक्शनच्या इतिहासाचा मलाही वीट आलाय. पण पाण्याचं जे तुम्ही म्हणालात ना, तेच तर जुनं आहे!

जरा निवांत सांगते. मी नांदेडची. आमच्याकडं रेल्वेचं काही काम अडलं की निवेदन कुठं जातं माहिताय? सिकंदराबादला. अंकाई सोडलं की मनमाडकडून येणारी आमची लाईन दक्षिण मध्य रेल्वेत. का, तर ती निजामाच्या काळात सिकंदराबादकडून टाकलेली लाईन. राज्य 1948 ला गेलं, जिल्हे 1956 ला मुंबई राज्यात आले, 1960 ला महाराष्ट्र झाला, 2003 ला नांदेडला स्वतंत्र डिव्हिजन झालं तरी झोन तोच. मुंबईला जादा गाडी मागायची तर दोन झोनचं जमावं लागतं. म्हणजे जो निजाम आमच्या आजीनंसुद्धा नीट पाहिला नाही त्याच्या रुळावरून आमचं वेटिंग लिस्ट ठरतंय 😅

आता मोठी गोष्ट. हैदराबाद संस्थानाचे भाषेप्रमाणे तीन तुकडे झाले, तेलंगण, आपण आणि कर्नाटकात गेलेले बिदर-गुलबर्गा-रायचूर. मागासलेपण तिघांचंही सारखंच. सरकारी भाषा उर्दू, 1918 च्या उस्मानिया विद्यापीठातसुद्धा शिकायचं माध्यम उर्दू, मराठी शाळा हाताच्या बोटावर. आणि आज? तेलंगणाचं 2014 ला वेगळं राज्य झालं. कर्नाटकवाल्यांनी 2012 च्या 98 व्या घटनादुरुस्तीनं 371-जे मिळवलं, नोकरीत आणि शिक्षणात त्या भागाला वेगळा वाटा. आपण काय केलं, तर 'बिनशर्त' सामील झालो. तो शब्द आपल्याकडं भाषणात किती अभिमानानं म्हणतात! 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार होता, त्यात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च आणि नोकऱ्या असं लिहिलेलं. पुढं घटनेत 371(2) आलं, पण त्यातलं विकास मंडळ प्रत्यक्षात यायला 1994 उजाडलं, आणि त्याची मुदत 2020 च्या एप्रिलमध्ये संपली. मधल्या काळात 1974 ला पोरांनी विकास आंदोलन केलं, 1984 ला दांडेकर समितीनं अनुशेष मोजला. मोजायला आपण पटाईत.

आणि असं नाही की आपल्याला सत्ता मिळाली नाही. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोकराव, चार मुख्यमंत्री आपले. मग खुर्ची मिळूनही अनुशेष का राहिला, हा प्रश्न नुसत्या 2026 कडं बघून सुटत नाही हो. मला वाटतं आपल्याकडं मागायची सवय व्यक्तीकडं आहे, कायद्याकडं नाही. साहेब देतील. माझी आजी सांगायची, निजामाच्या शेवटच्या वर्षांत लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायचं धान्य न्यायला माणसं यायची तर बाया दोन पायल्या ज्वारी चुलीमागच्या कणगीत लपवायच्या, आणि लपवूनही शेवटी पाटलाच्याच पाया पडायचं, कारण कुणाच्या कणगीत किती आहे हे त्याला माहीत असायचं. ते पाया पडणं सुटलंय असं मला दिसत नाही. बघा तुमच्याकडं सुटलं असेल तर.

मुंडे साहेबांचं म्हणाल तर ते गढीतले नव्हते हे खरं, पण कारखाना त्यांनाही काढावा लागला ना? कारण खुर्चीकडं जायची वाट कारखान्यातूनच जाते. माणूस नवा, वाट जुनी.

---

बालाघाटी_गडी

कारखान्याचं बरोबर बोललात ताई. तेवढं मान्य. रेल्वेचं तर मला माहीतच नव्हतं, मी समजत होतो नांदेडवाले उगाच रडतात.

---

नागसेनवन

सगळं वाचलं. चर्चा चांगली आहे, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही.

पेटी असायला आधी जमीन लागते.

आमच्या घरात अशी पेटी नाही. आजोबांकडं एकच कागद होता, पोलीस स्टेशनच्या जप्तीची पावती, आणि तो गायरानाचा. मराठवाड्यात भूमिहीनांनी 1953 पासून गायरानावर नांगर घातलाय, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वात, 1964 ला तर देशभर सत्याग्रह झाला. पिकं मोडली, केसेस झाल्या, परत पेरलं. मग 28 नोव्हेंबर 1991 चा जीआर निघाला की 14 एप्रिल 1990 पर्यंत ज्यांनी अतिक्रमण करून कसलंय त्यांचं नियमित करा. आता बघा, तिथंही कागदच. तुम्ही त्या तारखेआधी कसत होतात याला पुरावा काय? पुरावा म्हणजे दंडाची पावती, पोलिसाचा पंचनामा. ज्याला मार पडला त्याच्याकडं पुरावा, ज्याला पोलिसानं नुसतंच हाकललं त्याच्याकडं काही नाही. आमचे आजोबा म्हणायचे, केस झाली ते बरं झालं.

आणि 1978. 27 जुलैला विधिमंडळात ठराव झाला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, आणि वस्त्या जळाल्या. मी लहानपणी विचारायचो, विद्यापीठ औरंगाबादला, घर जळालं तिकडं लांबच्या खेड्यात, ज्यानं जाळलं त्यानं आयुष्यात विद्यापीठाची कमान पाहिलेली नाही, मग राग कशाचा? ते पाटीमुळं नव्हतंच. बाबासाहेबांनी 1950 ला मिलिंद कॉलेज काढलं, तिथं शिकलेली पोरं गावात परत यायला लागली, महारकीची कामं बंद झाली, गायरान नांगरलं. राग तो होता, ठराव फक्त काडी. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, सोळा वर्षांनी, आणि तोसुद्धा 'विस्तार', म्हणजे 'मराठवाडा' नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं. हा इतिहास ज्याला माहीत नाही त्याला आज आमच्याकडं मतं कुठं जातात आणि का जातात हे कधीच कळणार नाही, तो टीव्हीवर आकडेमोड करत बसेल.

मांजराकाठ, तुमच्या आजोबांवर अन्याय झाला असेल. नाही म्हणत नाही. पण त्या गढीच्या कथेत आमचं घर कुठं होतं हे पण एकदा शोधा.

---

उदगीर_का_पोट्टा

सलाम सगळ्यांना. शिकस्ता मला वाचता येतं, अब्बांमुळं, ते जुने दस्तऐवज वाचून द्यायचे. फोटो मेसेजमध्ये टाका, उजेडात काढा, फ्लॅश नको.

तोवर रझाकाराचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. कासिम रझवी आमच्या बाजूच्या लातूरचाच वकील, त्यानं जे केलं ते केलं, त्याची बाजू घ्यायला मी बसलो नाही. पण त्याच रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या त्याच्या सशस्त्र संघटनेनं, 22 ऑगस्ट 1948 ला हैदराबादेत शोएबुल्ला खानला मारलं. 'इमरोज' नावाच्या उर्दू पेपरचा संपादक, भारतात विलीन व्हा असं लिहायचा. किती जणांना माहिताय? आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर आमच्या उस्मानाबाद-बिदर पट्ट्यात काय झालं त्यावर नेहरूंनी सुंदरलाल समिती पाठवली होती, तिचा अंदाज 27 ते 40 हजार मेले असा होता, आणि तो रिपोर्ट कित्येक दशकं बाहेरच आला नाही. आमच्या दादीला विचारलं तर ती फक्त म्हणायची "उस साल विहिरीचं पाणी नाही प्यायलो." बस. पुढं कधीच बोलली नाही.

आज आमच्या गल्लीतलं पोरगं नगरपालिकेला उभं राहिलं की समोरचा रझाकार म्हणतो आणि आमचा गप्प बसतो, कारण त्याला शोएबुल्ला पण माहीत नाही आणि दादीची विहीर पण माहीत नाही. बोलणार काय?

---

मांजराकाठ

फोटो टाकलाय भाऊ.

---

उदगीर_का_पोट्टा

वाचलं. रात्री दीड वाजला पण मजा आली.

हा सनद वगैरे काही नाही, साधा करारासारखा कागद आहे. तुमच्या पणजोबांचं नाव 'शिकमीदार' म्हणून आहे, म्हणजे पट्टा दुसऱ्याचा, कसणारे तुमचे. पट्टेदार गढीवालेच दिसतात, नावापुढं पटेल लिहिलंय. म्हणजे जमीन आधी तुमची होती अन् त्यांनी लाटली असं नाही निघत, पण 1932 पासून तरी तुमचेच लोक कसत होते हे पक्कं. जात कुठंच लिहिलेली नाही, त्यामुळं कुणबी नोंदीला हा कामाचा नाही, सॉरी.

खाली हुदूद-ए-अरबा आहे, म्हणजे चतुःसीमा. मशरिक म्हणजे पूर्वेला ओढा. मगरिब म्हणजे पश्चिमेला गाडीवाट. जुनूब म्हणजे दक्षिणेला पटेलांचीच जमीन. शुमाल म्हणजे उत्तरेला एकच शब्द आहे, मी तीनदा वाचला, 'हाडोळा'. हे काय असतं मला माहीत नाही, गावाचं नाव आहे का?

---

नागसेनवन

गावाचं नाव नाही. महारकी इनामाची जमीन. गावाची कामं करायची त्याच्या बदल्यात दिलेली.

---

मांजराकाठ

दोन दिवस काही लिहिलं नाही, माफ करा.

आमच्याकडं सध्या सव्वातीन एकर आहे, त्यातलं सव्वा एकर ओढ्याच्या कडंचं. त्या रानाला आम्ही हाडोळाच म्हणतो. लहानपणापासून. "हाडोळ्यात बैल सोड", "हाडोळ्यातली तूर काढली का", रोज तोंडात आहे. मला वाटायचं हाडं सापडत असतील तिथं कधीकाळी म्हणून नाव पडलं असंल. कधी विचारलंच नाही.

वडलांना काल विचारलं, हाडोळा आपल्याकडं कसा आला. म्हणले 80-81 ला घेतला. कुणाकडून? तर म्हणले "ते मुंबईला गेलं सगळं घर, जाताना दिला." कितीला दिला? त्यावर काहीच बोलले नाहीत, बातम्या लावल्या आणि आवाज वाढवला. आईनं मला आत बोलावलं अन् म्हणली जेवून घे.

काका, सोमवारी तहसीलला जायचंय. कागद नेमका कुठला मागू?

---

निवृत्त_अव्वल_कारकून

सातबाऱ्याचा जुना हस्तलिखित उतारा काढा. त्यावर फेरफाराचे नंबर गोल करून लिहिलेले असतात, 80-81 च्या आसपासचा नंबर घ्या आणि त्या फेरफाराची नक्कल मागा. तिथं कुणाकडून, कशानं आणि किती रुपयांना ते असेल. इनामाची जमीन असल्यामुळं विकायला कलेक्टरची परवानगी लागत होती, ती आहे का बघा. तिथून मागं 1954-55 च्या खासरा पत्रकापर्यंत जाता येईल.

अकराच्या आत जा, जेवणानंतर रेकॉर्ड रूमला कुणी भेटत नाही. आणि वडलांना सांगून जा.